समुद्रात सगळीकडे लेन नसतात, मग आधी कोणी वळायचं?

अरुंद बोळात समोरून कोणीतरी येतं. तुम्ही एका बाजूला सरकता, तोही नेमका तिकडेच सरकतो. मग दोघं दुसरीकडे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे याला 'लाइव्हलॉक' म्हणतात: दोघंही समंजस, दोघंही वाट देतायत, आणि तरी कोणीच पुढे जात नाही. बोळात आपण हसून सोडून देतो. पण त्या दोघांच्या जागी दोन जहाजं ठेवा. त्यांना ब्रेक नसतात. आजचा एपिसोड त्यावर.

शिडाच्या काळात वारा कुठून येतोय त्यावरून कोणी बाजूला व्हायचं याचे रिवाज होते. मग आगबोटी आल्या. त्या वाऱ्याला विचारतच नव्हत्या, कुठूनही कुठेही जायच्या. १८४० मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाउसने नियम केला: समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळा, म्हणजे एकमेकांना डाव्या अंगाने ओलांडाल. १८४६ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचा कायदा झाला. १८४८ मध्ये आगबोटींना रंगीत दिवे सक्तीचे झाले: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.

हे दिवे मला फार आवडतात. अंधारात जहाज दिसत नाही, पण लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते सरळ तुमच्याकडेच येतंय. आणि आडवं जाणारं जहाज तुमच्या उजवीकडे असेल तर तुम्हाला त्याचा लाल दिवा दिसतो. म्हणजे थांबायचं किंवा वळायचं तुम्ही. त्याला त्याच वेळी तुमचा हिरवा दिसतो, त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. एक शब्दही न बोलता दोन अनोळखी माणसांचं एकमत! १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून नियमावली केली, आणि पाठोपाठ इतर देशांनीही ती उचलली.

मग रडार आलं. आता टक्कर कशाला होईल, असं वाटणं साहजिक होतं.

२५ जुलै १९५६. इटलीचं 'आंद्रेआ दोरिया' न्यूयॉर्कला येत होतं, दाट धुक्यातून, आणि वेग जवळपास २२ नॉट्स. समोरून स्वीडनचं 'स्टॉकहोम'. तिथल्या ब्रिजवर ड्यूटीला होता थर्ड ऑफिसर कार्स्टेन्स-योहानसेन, वय २६. माझ्याहूनही लहान. दोघांनी एकमेकांना रडारवर बऱ्याच लांबून पाहिलं होतं.

दोरियाच्या कॅप्टन कालामाईंना वाटलं, समोरचं जहाज किंचित उजवीकडे आहे. अंतर वाढवावं म्हणून ते थोडे डावीकडे वळले. फक्त ४ अंश. कार्स्टेन्सला दोरिया डावीकडे दिसत होतं, म्हणून तो उजवीकडे वळला. प्रत्येकाच्या डोक्यातलं चित्र आपल्यापुरतं नीट होतं, पण ती दोन चित्रं एकमेकांशी जुळत नव्हती. दिवे दिसले तेव्हा दोरियाने पूर्ण डावीकडे आणि स्टॉकहोमने पूर्ण उजवीकडे सुकाणू फिरवलं. रात्री ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास बर्फासाठी मजबूत केलेलं स्टॉकहोमचं नाक दोरियाच्या कुशीत घुसलं. दोन्ही जहाजांवरचे मिळून ५१ जण गेले. दोरिया इतकं कललं की निम्म्या लाइफबोटी निकामी झाल्या. मदतीला धावलेल्या जहाजांमुळेच बाकीचे वाचले. चूक कोणाची, हे कोर्टाने कधी ठरवलंच नाही. कंपन्यांनी बाहेरच तडजोड केली.

१९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम नव्याने लिहिले गेले, १५ जुलै १९७७ पासून ते लागू आहेत. ते वाचताना मला सारखी ती रात्र आठवत होती. अपुऱ्या माहितीवर, खास करून रडारच्या अपुऱ्या माहितीवर, अंदाज बांधू नका. वळायचं तर समोरच्याला लगेच कळेल इतकं ठळक वळा, थोडं थोडं नको. आणि धुक्यात जहाज समोरच्या बाजूला असेल तर शक्यतो डावीकडे वळू नका.

आपण ज्याला 'राइट ऑफ वे' म्हणतो, तो शब्द या नियमावलीत सापडत नाही. तिथे हक्क कोणालाच नाही, दोघांनाही कामं दिलीत. एकाने बाजूला व्हायचं, दुसऱ्याने सरळ राहायचं. पण पहिला वळलाच नाही तर 'नियम माझ्या बाजूने होता' म्हणत आपटायची मुभा नाही. टक्कर टाळायला दुसऱ्यानेही हालचाल करायची. आपल्या चौकात हॉर्न वाजवत घुसणाऱ्याला हे कोणीतरी सांगा!

गेटवेवरून मांडव्याला जाणार असाल तर समोरून येणाऱ्या बोटीकडे लक्ष ठेवा. रस्त्यावर डावीकडून चालणारे आपण, पाण्यावर मात्र उजवीकडे सरकतो.