शक्तिमानचं माहेर

लष्कराच्या लिलावात निघालेला शक्तिमान ट्रक बार्शीटाकळीच्या काळ्या मातीत आला, की लोकांना वाटतं, फौजेतला गडी परमुलखात आला. माझं म्हणणं उलटं आहे: तो माहेरी आला. कारण या ट्रकची आजी शेतातली आहे.

माहीत असलेला भाग चटकन उरकतो. ऑग्सबर्गच्या ज्या कारखान्यात 1897 मध्ये रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं, तो पुढे मॅन कंपनीचा झाला. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना तिच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून शक्तिमान बनू लागला. मॅन हे नावही त्याच्या शेपटाला राहिलं. 1990 च्या दशकात उत्पादन थांबलं.

वाद आहे तो त्याआधीच्या पिढीबद्दल. काही जण शक्तिमानचं कूळ महायुद्धातल्या मॅनच्या साडेचार टनी लष्करी ट्रकशी जोडतात. त्याचीही चारही चाकं ओढायची, त्यामुळे दावा वरवर चोख दिसतो. पण 1945 नंतर जर्मनीत लष्करच उरलं नाही. नवं उभं राहिलं ते 1955 मध्ये. मधल्या दहा वर्षांत मॅनने चारही चाकं ओढणारं काय विकलं? ट्रॅक्टर! चिखलात न रुतणारा हा ट्रॅक्टर 1940 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला आणि शेतकऱ्यांनी उचलून धरला. 1955 मध्ये कंपनीने म्युनिकजवळचा विमानइंजिनांचा जुना कारखाना घेतला आणि ट्रक व ट्रॅक्टर दोन्ही तिथे हलवले. एकाच आवारात बसणाऱ्या अभियंत्यांनी एकमेकांच्या धुऱ्यांकडे पाहिलंच नसेल, हे मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल, पुढच्या चाकांनाही ओढायला लावणारा पुढचा गिअर जीपलाही होता, त्यात ट्रॅक्टरचं काय? बरोबर. म्हणून मी एकट्या धुऱ्यावर विसंबत नाही. माझा खरा पुरावा पिस्टनच्या डोक्यावर आहे.

हेड उतरवून पिस्टन बाहेर काढा. माथ्यावर नारळाच्या करवंटीसारखा गोल खळगा दिसेल. इतर थेट फवाऱ्याच्या इंजिनांत नोझल डिझेल हवेत उडवतं. इथे एक-दोन छिद्रांचं नोझल ते खळग्याच्या भिंतीवर तिरकं मारतं, भिंतीवर तेलाचा पातळ थर पसरतो आणि फिरत्या हवेत तो वाफ होत होत जळतो. त्यामुळे ठोका मऊ पडतो आणि पेट्रोल किंवा रॉकेलही चालून जातं. ही युक्ती मॅनच्या सिगफ्रीड मॉयरर यांनी 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात बसवली. काहीही पेटवणारं इंजिन म्हणजे फौजेसाठीच काढलेलं, असा प्रतिपक्षाचा शेवटचा मुद्दा. पण तेव्हा जर्मन फौज होती कुठे? हे इंजिन नागरी ट्रकांत बसलं, दशकाच्या मध्यापासून ट्रॅक्टरांतही बसलं. फौजेने ते नंतर उचललं. म्हणून धुरा आणि इंजिन, दोन्ही बाजूंनी माझा कौल शेताकडे.

हे कूळ ठाऊक नसलं की दुरुस्ती चुकते. हिवाळ्यात पहाटे सेल मारल्यावर शक्तिमान पांढरा धूर सोडतो. टाटावर हात बसलेला मिस्तरी म्हणतो, रिंगा गेल्या, आणि अख्खं इंजिन खोलून बसतो. खळग्याची भिंत थंड असते, तेलाची नीट वाफ होत नाही, एवढंच कारण. थोडं तापू द्या. तरी धूर राहिला तर आधी नोझल तपासा. छिद्रांची संख्या आणि कोन वेगळा असलेलं नोझल ठोकून बसवलं, तर हे इंजिन कधीच सुधारत नाही.

पुढच्या धुऱ्याचं दुखणं मात्र इथल्या मातीचं. महान गावाच्या रस्त्याला लागणाऱ्या शेतांत पावसाळ्यात चाक फिरलं, की चिखल हबच्या ऑइल सीलवर वाळतो आणि सीलची कड कापतो. मग ग्रीस बाहेर, पाणी आत. चिखल ओला असतानाच धुवायचा, आणि डांबरावर चढण्याआधी पुढचा गिअर काढायचा. इथला एक मिस्तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, "भाऊ, डांबरी रोडवर पुढचा गेर लावू नका, हाउसिंग खाऊन जाते." त्या गिअरचा दांडा अडकलाच, तर ओढाताण न करता गाडी दोन हात मागे घ्यायची. धुऱ्यांमधला पीळ सुटतो आणि दांडा आपसूक निघतो.