बोरू, टाक आणि राजमहेंद्रीचे पेन

लेखणीचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो लिहिणाऱ्याच्या हातून निसटत गेलेल्या अधिकाराचाही इतिहास आहे. पेशवाईतील कारकून बोरू वापरी. टोक बोथट झाले की चाकूने पुन्हा तासून घेई. पुढे टाक आला. एकोणिसाव्या शतकात त्याच्या पोलादी निबा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून जगभर जात. निब झिजली की टाकून द्यावी, नवी विकत घ्यावी. दुरुस्तीची जागा खरेदीने घेतली. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुई वॉटरमनने फाउंटन पेनचे पेटंट मिळवले. दौत लेखणीच्या पोटात गेली आणि शाईचा मार्ग नजरेआड झाला.

या पार्श्वभूमीवर राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचे काम पाहावे. १९३०च्या दशकात त्यांनी एबोनाइट, म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर, लेथवर कातून स्वदेशी पेने घडवली. १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून त्यांच्या पेनाबद्दल आभार मानले.

ड्रॉपरने भरायच्या अशा पेनातली शाई संपत आली, की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर डाग पडतो; म्हणून ते वेळीच भरावे. धुवायला साधे पाणी पुरते. गरम पाण्याने व उन्हाने एबोनाइटचा रंग विटतो. निब आणि तिच्याखालची जीभ बहुधा हातानेच ओढून काढता येते. बोरू तासणाऱ्या कारकुनाचा अधिकार इथे थोडासा परत मिळतो. वस्तू कुठे घडली याइतकेच ती आपल्याला उघडता येते का, हेही स्वदेशीच्या विचारात यायला हवे.