हरिभाऊंची कथनरीती आणि आठवड्याचे बंधन

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशात पारोळे येथे झाला, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत सांगून पुढे जातात. पुण्याच्या या कादंबरीकाराचे जन्मगाव आमच्या शेजारचे आहे, आणि फारुकी सुलतानांच्या काळी ज्या खानदेशाची राजधानी बुऱ्हाणपूर होती त्याच प्रांतातले ते आहे, याचा आम्हां सीमेवरच्या मराठी शिक्षकांस थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. एरवी या जन्मस्थानाला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. बालपणीच मातृवियोग झालेला हा मुलगा चुलत्यांच्या आश्रयाने मुंबईस वाढला व १८७८ च्या सुमारास पुण्यास आला. त्याचे खरे शिक्षण तेथे झाले.

ते शिक्षण कोणत्या वातावरणात झाले हे ध्यानात घेतले पाहिजे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले, आणि चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे गुरू हरिभाऊंस लाभले. चिपळूणकर १८८२ साली वारले तेव्हा शोकपर काव्य रचणारा हा विद्यार्थी पुढे आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर विस्तृत टीका लिहावयास कचरला नाही. पदवी मात्र त्यांस मिळाली नाही. गणिताने वाट अडविली. आजही पदवीवरून माणसाची किंमत करणारे कमी नाहीत, म्हणून हे सांगितले.

मराठी कादंबरी त्या वेळी अगदी पोरवयाची होती. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. विधवांचे दुःख त्यात आहे. परंतु कथा धर्मोपदेशाच्या हाती धरून चालते. त्यानंतर ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ यांची अद्भुतरम्य सृष्टी आली, आणि १८७१ साली गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने इतिहासाकडे दृष्टी वळविली. शेजारच्या घरातला माणूस कथेत यावा आणि तो तेथे शेजारच्या घरात बोलतो तसाच बोलावा, ही अपेक्षा अद्याप कोणी पुरी केली नव्हती. हरिभाऊंची ‘मधली स्थिति’ १८८५ साली ‘पुणेवैभवा’तून येऊ लागली. तिच्या मागे रेनॉल्ड्सच्या वाचनाचे संस्कार होते, तरी तिच्यातील पुणे मात्र पुणेच होते.

१८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, चालविले. माझ्या मते त्यांच्या कथनकलेचे मर्म या साप्ताहिकाच्या व्यवहारात शोधावयास हवे. आठवड्याच्या आठवड्याला मजकूर द्यावयाचा. छापून गेलेले प्रकरण परत हाती येत नाही. एखादा अंक चुकलेल्या वाचकास मागचा धागा आठवून द्यावा लागतो. आणि पुढच्या अंकाची उत्कंठा राहील अशा जागी थांबावे लागते. डिकन्सने १८३६ साली ‘पिक्विक’ अंशाअंशाने प्रसिद्ध करावयास आरंभ केला, पण तो महिन्याच्या हप्त्याने. हरिभाऊंस महिना मिळत नव्हता. त्यातही एका बाजूस सामाजिक व दुसऱ्या बाजूस ऐतिहासिक अशा दोन कथांचे ओघ काही वर्षे समांतर वाहत होते. शिवाय हा मनुष्य केवळ लेखक नव्हता. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचा कारभार त्याच्या शिरावर होता. तेथे संस्कृत ग्रंथ शोधून छापण्याचे काम चाले. पुढे पुणे नगरपालिकेची जबाबदारीही आली. सकाळी पोथ्या, दुपारी नगराची गाऱ्हाणी आणि उरलेल्या वेळात यमूचे दुःख, असाच काहीसा तो दिनक्रम असला पाहिजे.

हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप जुना आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र हा पाल्हाळ सर्वत्र सारखा नाही, हे टीकाकारांनी पुरेसे पाहिलेले दिसत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कथा १८९० पासून सुमारे तीन वर्षे ‘करमणुकी’त चालली. ती यमू स्वतः सांगते. लहानपणची भांडणे, आईचा मृत्यू, सासरचा जाच, मुंबईस पतीच्या सहवासात गेलेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने झालेले सक्तीचे केशवपन. आता असे पाहा की, सांगणारी बाई पुस्तकी नाही. तिला घडलेले आठवत आहे. आठवताना ती मागे वळते, एकच गोष्ट पुन्हा सांगते, मध्येच डोळे पुसून दुसरेच काही बोलू लागते. साप्ताहिकाच्या निकडीतून आलेली पुनरुक्ती येथे यमूच्या स्वभावाची होऊन गेली आहे. ‘मी’ या कादंबरीतील भावानंदाचे आत्मकथनही असेच तरून जाते. उलट ऐतिहासिक कादंबऱ्यांत स्वतः ग्रंथकार वाचकापुढे उभा राहून त्यास संबोधू लागतो तेव्हा तोच पाल्हाळ जड वाटतो. दोष एकच, परंतु कथा कोण सांगत आहे यावर त्याचा गुण होणे अवलंबून आहे. कथनकलेचा याहून उपयुक्त धडा मराठीत मला तरी दुसरा ठाऊक नाही.

काळही लक्षात घ्यावा. यमूची कथा सुरू झाली तेव्हा संमतिवयाच्या विधेयकाने महाराष्ट्र पेटला होता. १८९१ च्या मार्चमध्ये ते संमत झाले. सभांतून व वृत्तपत्रांतून पुरुष पुरुषांशी भांडत होते. त्याच वेळी ‘करमणुकी’चा अंक माजघरात जाऊन एका मुलीचा आवाज ऐकवीत होता. शास्त्राधाराने वाद घालता येतो, पण यमूशी वाद कसा घालावयाचा?

या सत्तावीस वर्षांची किंमतही द्यावी लागली. ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ या सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. शिवकालावरील ‘सूर्यग्रहण’ही अपुरेच. (पुरंदरच्या तहातील मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली आमच्या बुऱ्हाणपुरात वारले, त्यांची म्हणून दाखविली जाणारी छत्री मोहना व तापी यांच्या संगमावर आहे. सहलीस नेलेल्या मुलांना तेथे मराठी कादंबरीची आठवण देण्याचा मोह मला आवरत नाही.) अपुऱ्या कादंबऱ्यांबद्दल लेखकास आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. लहान आकारात हाच लेखक किती रेखीव होता हे पाहावयाचे तर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा वाचावी. ‘स्फुट गोष्टी’ असे साधे नाव देऊन त्यांनी मराठी लघुकथेचा पाया घातला.

आमच्याकडील मुलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूरच्या राज्यात होता, त्यामुळे कचेरीतही मराठी कानावर पडे. आज शाळेची भाषा हिंदी, आणि मराठी उरली ती घरात, आजीच्या तोंडी. अशा विद्यार्थ्यापुढे संस्कृतप्रचुर निबंध ठेवला की तो गांगरतो. यमूचे प्रकरण मोठ्याने वाचले तर शब्द विचारावे लागतात, पण वाक्याचा हेल त्यास लगेच कळतो, कारण तो त्याने स्वयंपाकघरात ऐकलेला असतो. म्हणूनच संक्षिप्त आवृत्त्यांविषयी माझी तक्रार आहे. कथानक राखून त्या नेमकी घरगुती बोलणी गाळतात, आणि आमच्या मुलांचा प्रवेश तर त्याच दारातून व्हावयाचा असतो. अकादमीने मूळ पाठातील चार-दोन प्रकरणे न कापता, कठीण शब्दांच्या अर्थांसह, सीमाभागातील शाळांसाठी छापावीत, अशी माझी सूचना आहे.

हरिभाऊ १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९१५ साली मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने त्यांनी दिली. पदवी न मिळालेल्या मनुष्याने विद्यापीठास मराठीच्या उगमाविषयी व विकासाविषयी सांगावे, हे त्या काळी घडले. ‘करमणूक’ बंद पडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ च्या मार्चमध्ये, ते वारले. वय पंचावन्नच्या आत-बाहेर होते.