स्तंभ आणि खांब

भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई, पेशव्यांची फौज, स्तंभावर कोरलेली मेलेल्या ४९ शिपायांची नावं, त्यातली 'नाक' लागलेली २२. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. इथवर कोणीही धडाधड सांगतो. पण त्या शिपायांच्या नातवा-पणतवांचं पुढं काय झालं, असं विचारलं की सगळे गप्प. म्हणून मी फुलचूरच्या एका माणसाबद्दल लिहितो. फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेलं गाव. आणि तो माणूस म्हणजे माझा आजा. १५ वर्षं फौजेत, २३ वर्षं विजेच्या खांबावर. त्याचं नाव कोणत्याच दगडावर नाही.

आधी फौजेचं बघू. कोरेगावचा पराक्रम इंग्रजांना फार दिवस पुरला नाही. १८९२-९३ च्या सुमारास त्यांनी महारांची भरतीच बंद केली. 'लढाऊ जात' आणि 'बिनलढाऊ जात' अशी नवी वर्णव्यवस्था साहेबांनी काढली आणि आपल्याला पुन्हा गावकुसाबाहेर ढकललं. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेपर्यंत अर्ज नेला. साहेब हलला नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा पुन्हा आठवण झाली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी आपल्या जवळच्या कामठीत. गरज असली की शूर, गरज संपली की महार.

आता कोणी म्हणेल, परक्याच्या फौजेत जाण्यासाठी एवढे अर्ज कशाला? कारण पोटात आहे. गावात महाराच्या कामाला पगार नव्हता. मेलेलं ढोर ओढा, सांगावा पोचवा, रात्री राखण करा आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागा. मागितलेल्या भाकरीला हिशेब नसतो. फौजेत महिन्याला नगद पैसा होता, नावापुढं नंबर होता, शेवटी पेन्शन होती आणि छावणीत शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी फौजेच्या शाळेत मास्तर होते. भरती बंद झाली तेव्हा बंदूक तर गेलीच, पण नगद पगार आणि पाटी-पेन्सिलही गेली. ते अर्ज या सगळ्यासाठी होते.

माझ्या आज्याचा जन्म १९४४ चा. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, आपला जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. बाबासाहेब पडले. ते दुःख आमच्या वस्तीनं घरातलं माणूस गेल्यासारखं काढलं, असं आजा सांगायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याचा बाप रेल्वेनं नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या-आल्या त्यानं गावकी सोडली. म्हणजे भाकरही सोडली. धम्मानं मान दिला, पण चूल कशावर पेटवायची? चीनच्या युद्धानंतर फौज वाढत होती. १९६३ मध्ये आजा भरती झाला आणि महार रेजिमेंटच्या केंद्रात, मध्य प्रदेशातल्या सागरला पोचला.

१९६५ आणि १९७१ या दोन्ही लढाया त्याच्या नोकरीत झाल्या. त्याबद्दल तो बोलायचा नाही. बोलायचा ते लंगरबद्दल. रेजिमेंट आता सगळ्या जातींची होती, जेवणाची रांग एकच. आणि बोलायचा मनिऑर्डरबद्दल. पहिल्या पगाराची मनिऑर्डर घरी आली, तेव्हा पोस्टमनला आमच्या वस्तीत यावं लागलं. त्यानं अंगणात उभं राहून आजीचं, म्हणजे आज्याच्या आईचं, पूर्ण नाव पुकारलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पूर्ण नावानं हाक मारली. सरकारी कागदाची ताकद काय असते, ते आमच्या घराला त्या दिवशी कळलं.

१९७८ मध्ये तो डिस्चार्ज बुक घेऊन परतला. दुसऱ्या वर्षी माजी सैनिक म्हणून वीज मंडळात हेल्पर लागला, पुढं लाईनमन झाला. कमरेला झुला, हातात पक्कड, सायकलवर गावं. लाईन बंद केली तरी तारेवर भरोसा ठेवायचा नाही, आधी डिस्चार्ज रॉड लावायचा, मग हात लावायचा, ही त्याची शिस्त फौजेतलीच.

आणि इथं बाबासाहेब पुन्हा भेटतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. त्याच खात्याकडे वीजही होती, हे सांगत नाही. देशाला स्वस्त आणि भरपूर वीज मिळाल्याशिवाय कारखानदारी उभी राहणार नाही आणि कारखानदारीशिवाय गरिबी हटणार नाही, असं त्यांनी १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीत मांडलं. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ झालं. १९४८ मध्ये वीज पुरवठा कायदा आला आणि त्या कायद्याखाली राज्याराज्यांत वीज मंडळं झाली. महाराष्ट्राचं मंडळ १९६० चं. आजा ज्या खांबावर चढला, त्याच्या पायाचा एक दगड बाबासाहेबांनी ठेवलेला आहे.

वीज जात बघत नाही, पण मीटर घरात असतं. एका गावात एका मोठ्या घरी लाईन गेली. मालक म्हणाला, दुसरा माणूस पाठवा, तुम्ही आत येऊ नका. आजा म्हणाला, "मीटर पाह्यल्याबिगर लाईन चालू होत नाही गा, पाटील." आणि ओट्याखाली बसून राहिला. भांडला नाही, शिवी दिली नाही. दिवस बुडाला, अंधार पडला, घरातली पोरं रडायला लागली. मग दार उघडलं. आजा आत गेला, मीटर बघितलं, फ्यूज बांधला, बाहेर आला. आपल्या इतिहासात काळाराम मंदिराचं दार आहे, तसं हेही एक दार आहे.

दोस्तहो, ही गोष्ट मी आज का सांगतो? कारण आजा ज्या दोन वाटांनी वर आला, त्या दोन्ही बुजवणं चालू आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. चार वर्षं बंदूक धरा, मग शंभरातले पंचवीस ठेवू, बाकीचे घरी, पेन्शन नाही. १८९३ मध्ये दार जातीसाठी बंद झालं होतं. आता दार उघडं आहे, पण आतलं घर काढून घेतलं. वीज मंडळाच्या ६ जून २००५ ला चार कंपन्या झाल्या. आज त्याच खांबांवर कंत्राटी पोरंही चढतात. धोका आज्याइतकाच, पण कायम नोकरी नाही. जानेवारी २०२३ मध्ये वीज कामगार खाजगीकरणाविरुद्ध संपावर गेले, तेव्हा आपल्या किती शाखांनी त्यांना पाठिंब्याचं पत्र दिलं?

मी स्वतः गोंदियात एका भातगिरणीत पोती वाहतो. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच १९४६ मध्ये कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर आला. माझा आठवडा त्यात मावत नाही. माझा हिशेब मुनीमजीच्या वहीत, हजेरीचं कार्ड नाही, फंड नाही. हिशेब नसलेली भाकर आणि कागद नसलेली मजुरी, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. आजा नंबरवाला माणूस होता, मी बिननंबरचा. तीन पिढ्यांत आमचं घर फिरून तिथंच आलं.

म्हणून जयंतीच्या वर्गणीला फिराल, तेव्हा एक काम आणखी करा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडायला सांगा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जुनी पगार स्लिप, सगळं उतरवून घ्या. कोण किती साली कुठं लागला, किती पगार होता, कशानं सुटला, ते लिहा. आणि ज्या पोरांच्या हाती यातला एकही कागद नाही, त्यांची यादी शेजारीच लिहा. पहिली यादी आपला इतिहास. दुसरी यादी घेऊन लेबर ऑफिसवर जायचं आहे.