मुळशी धरण आणि जलाशय

मुळशी धरण : पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीने जलविद्युतनिर्मितीसाठी बांधलेले दगडी धरण. १९२७ मध्ये त्याच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. लांबी सुमारे दीड किलोमीटर, उंची जवळपास ४९ मीटर.

मुळा पूर्ववाहिनी. पुण्यात मुठेला भेटून तिचे पाणी भीमेला व पुढे कृष्णेला मिळते. धरणाने वरच्या खोऱ्यातले पाणी मात्र पश्चिमेकडे वळवले. बोगद्यातून आणि पोलादी नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा वीजगृहात कोसळते आणि जनित्रे फिरवून कुंडलिकेत जाते. कोलाडचे राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालते.

मुंबईच्या गिरण्यांना दूरवरून येणारा कोळसा महाग पडे. सह्याद्रीवरचा पाऊस आणि खाली तुटलेला कडा हे त्यावरचे उत्तर होते. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) या वीजगृहांनंतर भिरा उभे राहिले.

या धरणाचा इतिहास मात्र ते बांधण्याआधीच घडू लागला. मावळातली भातखाचरे आणि पन्नासएक गावे पाण्याखाली जाणार, हे कळताच शेतकऱ्यांनी ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा दिली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते. स्त्रियाही मोठ्या धैर्याने उतरल्या. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. मोबदला मिळाला की त्यांचे काम भागत होते, कसणाऱ्या कुळांचे नाही. लढ्यात फूट पडली ती इथे. सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला दिला होताच. १९२४ च्या अखेरीस बापटांनी साथीदारांसह कामावरची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना या लढ्याने दिली. राज्यशास्त्रज्ञ राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या सत्याग्रहाला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. बापटांचे नाव मोठे झाले ते योग्यच; परंतु उठवल्या गेलेल्या कुळांची नोंद त्या मानाने फारच तोकडी आहे.

जलाशय आज ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्यांना वाटेत दिसतो आणि पावसाळ्यात तेथे पर्यटकांची गर्दी होते. पुणे परिसराची तहान वाढत गेली, तशी पश्चिमेकडे जाणारे हे पाणी भीमा खोऱ्याला द्यावे, ही मागणीही वारंवार होते आहे.