चौपाटी : शहराचे गायरान

मुंबई पाहून आलेल्या माणसाला गावात एक प्रश्न हमखास विचारतात, “चौपाटी पाहिलीत की नाही?” उत्तरात बहुधा भेळ येते, समुद्राचा वारा येतो; पूर्वी घोडागाडीही यायची. पण वाचकहो, गिरगावच्या या वाळूची खरी ओळख त्याहून निराळी आहे. आपल्या गावाला जसे गायरान, तशी मुंबईला ही चौपाटी.

ही नुसती उपमा नव्हे बरे का! चौपाटीजवळच्या स्टेशनाचे नाव चर्नी रोड. इथे पूर्वी गुरे चरत, त्यावरून हे नाव पडले, असे एक मत आहे. सरकारने चराईवर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी ठाकूरद्वाराजवळ जमीन घेऊन ती गुरांना मोकळी करून दिली, अशी हकीगत सांगतात. पुढे किनाऱ्यालगत रेल्वे आली, वस्ती वाढली, कुरण संपले. विसाव्या शतकात बॅकबेच्या समुद्रात भर घालून मरीन ड्राइव्ह झाला. मोकळी उरली ती ही वाळू.

ती उरली, हे केवढे भाग्य! गिरगावच्या चाळींत एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहायचे. ना अंगण, ना ओसरी. म्हाताऱ्यांनी बसावे कुठे, पोरांनी खेळावे कुठे? सगळ्यांना वाळू होती. तिथे बसायला भाडे नाही की कुणाची ओळख लागत नाही. १८९३ साली गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि गिरगावातल्या चाळींतले गणपती विसर्जनासाठी याच किनाऱ्यावर येऊ लागले.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. भर पावसात लाखो लोक अंत्ययात्रेत चालले. नेहमीच्या स्मशानात एवढा जनसमुदाय मावणार कसा? खास परवानगी मिळवून चौपाटीवर चिता रचली गेली. तिथे आज लोकमान्यांचा पुतळा उभा आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात बायका घागरी-कळश्या घेऊन इथेच समुद्राचे पाणी भरायला उतरल्या. उंबऱ्याबाहेर फारशा न पडणाऱ्या कित्येकजणींनी त्या दिवसांत सरकारचा कायदा उघडपणे मोडला.

संयुक्त महाराष्ट्राचा लढाही या वाळूने पाहिला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी इथे उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, माणसे मेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

पाहा, एकाच जागी उत्सव, शोक, सत्याग्रह आणि राग! सभागृहाला दार असते, दाराला कुलूप असते. मोकळ्या जागेला ते नसते, म्हणून लोक तिथे एकत्र येऊ शकतात. पण कुलूप नसलेल्या जागेची राखणही सर्वांनीच करावी लागते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजांतली मुले वाळूतला कचरा वेचताना दिसतात. ती हीच राखण करतात.

गुरुजनहो, एक दिवस वर्ग घेऊन गावच्या पारावर जा, नदीच्या घाटावर जा, गायरानात जा. इथे कोणत्या सभा झाल्या, कोण कोण बोलून गेले, गायरान पूर्वी कुठवर होते, हे मुलांना वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून घेऊ द्या. जागेची गोष्ट ज्याला ठाऊक असते, तो ती सहजासहजी कुणाला गिळू देत नाही.