बाईनं बाईला सांगितलेली गाठ

परदेशी निघण्याआधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी यांनी बंगालात सेरामपूरला जाहीर भाषण केलं. मुद्दा सरळ होता: बायका पुरुष डॉक्टरपुढं दुखणं उघडं करत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी.

१९९८ पासून टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांत याच वाटेनं काम केलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दोन-दोन वर्षांनी हातानंच स्तन तपासायच्या. यंत्र नाही. वीस वर्षांनी हिशेब लागला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला पाहिजे.

दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढतात, आणि घोळ तिथंच होतो. न दुखणारी कडक गाठच आधी दाखवायची. एकाच बोंडातून आपोआप रक्त येणं, बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, त्यावरची न भरणारी चिघळ, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांनाही थांबू नये. पाळीआधी दोन्हीकडं दुखतं ते सहसा कर्करोगाचं नसतं. अंगावर पाजणारीला लाली आणि ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा. आपल्या हसनाबादेत लाज वाटली तर आधी आशाताईच्या कानावर घाला. ती बाईच आहे.